सावडीवर चाललेली गाडी

मी स्वभावाने तापट. लपवून काय उपयोग? कामशेतच्या बाजारात कुणालाही विचारा, "शाळेच्या बाई" म्हटलं की माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग बोलतो. अशा मला भर रस्त्यात, चार माणसांदेखत, "बाई, तुमी मागं व्हा, ह्या म्हातारीचा नंबर हाय" असं सांगणारा एकच माणूस आजवर भेटला. यासीनभाई.

उंबरवाडीच्या शाळेत मी बारा वर्षं शिकवत होते. वडिवळ्याच्या पुढे, धरणाच्या अंगाला, चाळीसेक घरांची वाडी. कामशेतहून सकाळी एक लाल गाडी सुटायची, साडेसातला वाडीत पोचायची आणि तिथूनच परत फिरायची. संध्याकाळी तशीच आणखी एक फेरी. बाकी दिवसभर नाव नाही. बारा वर्षांत ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा माझी, हे कंडक्टरसकट सगळ्यांनी मान्य केलं होतं. आमच्याकडे गाडीला रांग लावायची पद्धतच नाही. गाडी दिसली की खिडकीतून रुमाल टाकायचा, नाहीतर पिशवी, नाहीतर शेजारणीचं पोर.

त्या सकाळी थांब्यावर एक अनोळखी गृहस्थ उभे होते. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, पायाशी भली मोठी बॅग, डोक्यावर परदेशी टोपी. गाडी आली, मी माझ्या हक्काने पुढे झाले, तर हे आडवे. "ह्या म्हातारीचा नंबर हाय."

"तुम्ही कोण सांगणारे?" मी म्हटलं. माझा आवाज चढला की कामशेत स्टेशनपर्यंत ऐकू जातो.

"मी कोनी न्हाई. मी तिसरा."

म्हातारी चढली, तिची टोपली चढली, मग मी चढले. ते माझ्यामागून शांतपणे चढले आणि नेमके माझ्याच शेजारी येऊन बसले. तिकीट काढून झाल्यावर म्हणाले, "राग मानू नका. तीन दिवस गॅसच्या टाकीसाठी पोलिमीत हुबा हुतो. आता मानसं वाकडीतिकडी हुबी दिसली की ऱ्हावत न्हाई."

पोलीम म्हणजे रांग. तिकडचा शब्द. तिकडे म्हणजे श्रीलंकेत.

यासीनभाई मूळ उंबरवाडीचेच. तरुणपणी लोणावळ्याच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागले, तिथेच आचारी झाले. मालकाच्या कुणा नातेवाइकाने कोलंबोत हॉटेल काढलं तेव्हा त्यांना घेऊन गेला. बावीस वर्षं तिकडे. वर्षातून एकदा महिनाभर घरी यायचे, तेही मे महिन्यात, शाळा बंद असताना. त्यांची बायको रशिदाभाभी वाडीतच राहून शेळ्या सांभाळायची. "बावीस वरसं माझा नवरा फोनातच व्हता," असं ती सांगायची, आणि ते सांगताना फोन असा हातात धरायची की जणू नवरा अजून आतच आहे.

मग त्या देशाची तिजोरी रिकामी झाली. कर्ज फेडायला पैसे नाहीत, बाहेरून तेल आणायला पैसे नाहीत, औषधं नाहीत. वर्तमानपत्रात आपण सगळ्यांनी वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवून विसरून गेलो. लंकेत सोन्याच्या विटा असल्या तरी आपल्याला काय, आणि नसल्या तरी काय! पण हॉटेल बंद पडलं, मालकाने हात जोडले, आणि एक बॅग घेऊन यासीनभाई परत आले. त्या सकाळी गाडीत माझ्याशेजारी बसले होते ते असे कायमचे घरी निघाले होते.

वाडीने त्यांचं नाव लगेच बिभीषण ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "नशीब माजं. रावन म्हनले आस्ते तर दहा तोंडांना खाया कुटून आनलं आस्तं?"

एवढं सोसून आलेला माणूस कडवट असेल असं कुणालाही वाटेल. छे! इतका समाधानी माणूस मी पाहिला नाही. घराच्या ओट्यावर बसून भाजी निवडत असायचे. "काय भाई, कसं चाललंय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "भागतंय की." आणि ते 'भागतंय' असं तृप्तीने म्हणायचे, की आत्ताच पुरणपोळीवर तूप घेऊन उठलेत.

पण सवयी! देवा रे देवा. उघडं भांडं शेगडीवर दिसलं की झाकण घालणार, मग ते भांडं कुणाचंही असो. कुणाच्या घरी भरदिवसा दिवा जळत असला तर आत जाऊन बंद करून येणार. कागद पाठपोट लिहिल्याशिवाय टाकायचा नाही. आमच्या शाळेत एकदा मीठ मागायला आले आणि खिचडीच्या पातेल्याखालची आच कमी करून गेले. खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी तरातरा त्यांच्या ओट्यावर गेले. "शाळेच्या चुलीत लक्ष घालायचं तुम्हाला काय कारण?" भाई हातातली शेंग मोडत म्हणाले, "खिचडी बुडाला लागली का आज?" रोज लागायची, हे खरं होतं. त्या दिवशी लागली नव्हती. मी तशीच परत आले. मावशींनी दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून किती आच ठेवायची ते विचारून घेतलं, आणि त्या बदल्यात भाईंनी सगळ्या पोरांना तिकडची ओल्या खोबऱ्याची लाल चटणी करून घातली. पोरं आठवडाभर पाणी पीत होती आणि तरी "अजून" म्हणत होती.

लंकेतल्या त्या दिवसांची गोष्ट मी त्यांना एकदा विचारली. टीव्हीवर पाहिलं होतं, तिथले लोक चिडून राष्ट्रपतींच्या बंगल्यात घुसले होते. "तुम्ही पण गेला होता आत?"

"गेलतो की. सारं शहर गेलतं, मी काय घरी बसतो?" भाई म्हणाले. "कोन पव्हायच्या तलावात उड्या मारतंय, कोन पलंगावर लोळतंय, कोन फोटू काढतंय. मी गेलो सैपाकघरात. आचाऱ्याला दुसरं काय सुचनार? बघतो तर दोन शेगड्या मोकळ्याच पेटलेल्या. वर भांडं न्हाई, काय न्हाई. आशी तिडीक गेली डोक्यात! आमी तीन तीन दिवस हुबं ऱ्हायचं टाकीसाठी, अन् हितं मोकळी शेगडी जळती! दोनी बंद केल्या, दार लावलं, आलो भायेर."

"बस?"

"बस. राज्य बदलाया लोक गेलते, मी शेगडी बंद करून आलो." ते हसले. मग म्हणाले, "राजा गेला. लय आनंद झाला. नाचलो बी जरा. अन् दुसऱ्या दिशी सकाळी परत पोलिमीत हुबा. नवीन आला त्यानं बी तेच सांगितलं, पोट आवळा. आवाज तेवढा गोड व्हता."

असं राजकारण मला कुठल्या अग्रलेखात वाचायला मिळालं नाही. दुसरं एक सांगितलं ते तर मी कधीच विसरणार नाही. वस्तू कमी पडायला लागल्या की माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो, म्हणाले. ह्याने माझं खाल्लं, असं वाटतं. गॅसच्या रांगेत त्यांनाही लोक म्हणाले, तू परका, तू निघ इथून. भाई बाजूला झाले. तेव्हा पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीने, तिकडच्याच, त्यांचा हात धरला आणि आपल्या पुढे उभं केलं. नुसतं पुढे. "तवापासनं बाई, मला रांग म्हंजी नमाजासारखी वाटती," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मी उगाच त्यांच्या भाजीतल्या शेंगा मोडत बसले.

ते येऊन दोन वर्षं होत आली असतील. एका सकाळी कंडक्टरने गाडीतच बातमी दिली. "बाई, ही फेरी जातीय बहुतेक. वरून काटकसरीचा कागद आलाय. ज्या गाडीत माणसं नाहीत, ती गाडी बंद."

माणसं कुठून असणार? घरटी एक मोटारसायकल आली होती. तरणे पोरगे त्यावरून चाकणला, तळेगावला कामाला जायचे. गाडीत राहिलो कोण, तर म्हातारेकोतारे, मी, आणि मुक्ता.

मुक्ता माझी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होती, मग दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि कामशेतला अकरावी सायन्सला जायला लागली. उंबरवाडीतून सायन्सला गेलेली पहिलीच मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं. तिचा बाप तुकाराम वाईट माणूस नव्हे. पोरीवर जीव होता त्याचा. पण रस्ता बारा किलोमीटरचा, निम्मा रानातून. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, गाडी हाय तवर कालेज. गाडी गेली की मी काय पोरीला रानातनं चालत धाडनार न्हाई. अन् रोज कुनाच्या फटफटीवर मागं बसवनार बी न्हाई." यावर मी चिडले, भांडले, पण खरं सांगते, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

म्हणजे प्रश्न साधा होता. गाडी राहिली तर मुक्ता शिकणार, गेली तर घरी बसणार.

शाळेच्या ओसरीत वाडी जमली. दोघाचौघांचं म्हणणं पडलं की जाऊ द्या, काटकसर सगळ्यांनाच करावी लागते, देशाचं भलं होत असेल तर एक फेरी गेली म्हणून काय बिघडलं? मला वाटलं भाई मान हलवतील, काटकसरीचा अवतारच तो. पण ते उठून उभे राहिले. कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढला.

"मी रोज भागवतो. पेला घासाया अर्धा तांब्या पानी वापरतो. पन आपुन हून भागवनं येगळं, अन् दुसऱ्यानं खुर्चीत बसून 'तू भागव' म्हननं येगळं. देश एकदम बुडत न्हाई. आदी शेवटच्या थांब्याची गाडी बंद व्हती. तिच्यात बसनाऱ्याचं कोन ऐकतंय? मग दवाखान्यातली गोळी संपती. मग शाळंचा कागद. तिकडं कागद न्हाई म्हनून परीक्षा फुडं ढकलल्या, सांगा! शहराला कळतं तवर आपल्यासारकी निम्मी मानसं घरी बसल्याली आसत्यात. अन् सगळ्यात आदी घरी कोन बसतं? पोरी."

"भाई, आपलं काय बुडलंय का येवढं? लंकेच्या गोष्टी हितं कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई बुडलं. आल्ला करो अन् न बुडो. पन पानी कुटनं शिरतं ते म्या बघितलंय, म्हनून सांगतो."

येत्या गुरुवारी एसटी डेपोचे साहेब स्वतः गाडीत बसून माणसं मोजणार, असं कंडक्टरकडून कळलं होतं. भाईंनीच तोड काढली. गुरुवारी झाडून सगळ्या वाडीने गाडीत बसायचं. गाडी भरलेली दिसली की झालं.

आणि इथे आम्ही जी माती खाल्ली, ती आमच्या वाडीनेच खावी. उंबरवाडीत 'गाडीनं कामशेतला जायचं' म्हणजे सण. नऊवारी निघते, नथ निघते, म्हाताऱ्यांचे फेटे निघतात. गुरुवारी सकाळी गाडी आली तर थांब्यावर जरीचे पदर, गजरे, इस्त्रीचे सदरे, लहान पोरांच्या डोळ्यांत काजळ. एका हौशी गड्याने हलगीसुद्धा आणली होती, साहेबांच्या स्वागताला! रशिदाभाभी लग्नातला शालू नेसून पहिल्या बाकावर. मी गाडीतून उतरले आणि कपाळाला हात लावला.

साहेब बिचारे सभ्य होते. चौफेर बघून त्यांनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

"न्हाई न्हाई, आमी रोजच जातो," तुकारामची आई म्हणाली. नाकात नथ, डोक्यात शेवंतीची वेणी, आणि रोज जाते!

साहेबांनी हसू दाबलं आणि कागदावर लिहिलं, 'यात्रेची गर्दी. नेहमीचे प्रवासी नऊ.' आणि त्याहून वाईट म्हणजे, गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ज्या मुक्तासाठी हे सगळं चाललं होतं, ती खालीच राहिली. तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती त्या दिवशी. वाडीत त्या वेळी एकही मोटारसायकल नव्हती, सगळ्या कामावर गेलेल्या. ती रस्त्यावर वही छातीशी धरून उभी राहिली आणि गाडी हलगी वाजवत निघून गेली.

दुपारी भाई शाळेत आले. कामशेतहून चालत आले होते, बारा किलोमीटर. घामाने निथळत होते. मुक्ताला बोलावून घेतलं आणि तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, चूक माजी. ज्याचा नंबर, त्यालाच मी मागं ठिवलं." ती कावरीबावरी झाली, "चाचा, असं काय करता?" म्हणाली. कॉलेजच्या सरांना मी फोन केला, माझ्या नेहमीच्या आवाजात, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्यायला लावली. माझ्या तापटपणाचा उपयोग होतो तो असा.

साहेबांनी अगदीच दार लावलं नव्हतं. तीन महिने बघू, म्हणाले. रोजची तिकिटं दिसली पाहिजेत.

त्या रात्री भाईंना झोप लागली नसावी. सकाळी गाडीतून उतरते तोवर समोर हजर. "बाई, भाताला आपुन काय करतो?"

"काय करतो?"

"सावड घालतो की!"

आमच्या मावळात भातलावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळी वाडी माझ्या खाचरात वाकते, उद्या सगळी तुझ्या. ती सावड. पैशाचा संबंध नाही, हातांचं देणं हातांनी फेडायचं. भाईंचं म्हणणं, गाडीला सावड घालायची. एका दिवशी सगळी वाडी नको. रोज सात घरं, घरटी एक माणूस, साध्या कपड्यांत. आठवड्यातून एकदा प्रत्येक घराची पाळी.

"अरं पन जाऊन करायचं काय कामशेतात?" आबा म्हणाले, वाडीतले सगळ्यात वडीलधारे.

"काय बी करू नका. उतरा, चा प्या, झाडाखाली बसा, सांजच्या गाडीनं परत या."

पाळ्यांचा तक्ता शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि पाळी चुकवणाऱ्याला बोलायचं, हे काम माझ्याकडे. "तुमचा राग रिकामाच जळतोय बाई, त्यावर भांडं ठिवू," असं भाई तोंडावर म्हणाले! रागवावं की हसावं कळेना. पण मी ते काम चोख केलं. सरपंचांची पाळी चुकली तेव्हा त्यांना पोरांदेखत विचारलं, "काल का आला नाहीत?" पुन्हा नाही चुकली.

पहिले पंधरा दिवस गंमत होती. मग कुरबुर सुरू झाली. दिवसभर कामशेतात बसून माणूस कंटाळणार नाही तर काय? पण रिकामं बसणं आपल्या लोकांना जमत नाही, हेही खरं. आबांच्या शेजारच्या सरूबाईने तिसऱ्या पाळीला परसातली भाजी नेली आणि विकून आली. चौथ्या पाळीला दोघी गेल्या. आबांनी दवाखान्यात डोळे दाखवले, मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. परत आले ते म्हणाले, "आरं, सरूबाई येवढी म्हातारी झाली? मला कुनी सांगितलं न्हाई!" सरूबाईने दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला. शिलाई शिकायला दोन सुना जायला लागल्या. आपली पाळी नसलेल्या दिवशीही माणसं थांब्यावर दिसायला लागली. भाईंची पाळी गुरुवारी. ते कामशेतच्या थांब्यावर दिवसभर उभे राहून लोकांना रांग शिकवायचे. शिव्या खायचे, हसायचे, पुन्हा शिकवायचे.

एवढ्यात निवडणूक आली. एक उमेदवार वाडीत आले, हार घालून घेतले आणि म्हणाले, सरकारी गाडी बंद पडली तरी काळजी करू नका, उद्यापासून माझी पांढरी गाडी तुमच्या दारात, सकाळी सात वाजता, फुकट. टाळ्या पडल्या. पडणारच. मऊ गाद्यांची गाडी, तीही फुकट! माझा जीव मात्र धसकला. सगळे तिच्यात बसले की लाल गाडी रिकामी, आणि मतमोजणी झाल्यावर पांढरी गाडी दिसणार आहे थोडीच.

मी भांडायला उठणार, तेवढ्यात भाई पुढे झाले आणि उमेदवाराला नमस्कार केला. "साहेब, लय उपकार. येकच इनंती. सकाळी आमची सोय हाय. दुपारी बाराला काय बी न्हाई. बायाबापड्या कामशेतात अडकून पडत्यात. तुमची गाडी बाराला धाडली तर सारी वाडी नाव काढील."

उमेदवाराला सकाळ काय आणि दुपार काय. "ठरलं," म्हणाले. महिनाभर दुपारी बाराला पांढरी गाडी आली. लोक सकाळी लाल गाडीने जायचे आणि काम लवकर आटोपलं तर दुपारी मऊ गादीवरून यायचे. निकाल लागला आणि ती गाडी गेली ती गेलीच. भाईंना मी म्हटलं, "बघा, दिलेला शब्द काय टिकला!" ते म्हणाले, "आपुन त्या शबुदावर चूल कुटं मांडली व्हती? मिळालं तवर खाल्लं. भागलं."

तीन महिन्यांनी कंडक्टरने गाडीच्या पायरीवरूनच हाळी दिली, "राहिली! फेरी राहिली!" तुकाराम तेव्हा थांब्यावर दुधाची किटली घेऊन उभा होता. घरी गेला, आणि संध्याकाळी मुक्ताला बारावीची नवी कोरी पुस्तकं घेऊन आला. आतापर्यंत ती जुनी वापरत होती.

फळ्यावरचा तक्ता मी वर्षभर ठेवला. नंतर एकदा पोरांनी गणितासाठी पुसला, आणि कुणालाच आठवण झाली नाही.

मुक्ता बारावी झाली. तळेगावला नर्सिंगला लागली. सकाळची लाल गाडी, मग कामशेतहून रेल्वे. त्याच सुमाराला भाईंना कोलंबोहून फोन आला. हॉटेल पुन्हा उघडलं होतं, पर्यटक यायला लागले होते. मालक म्हणाला, शेगडीपुढे उभं राहू नका, नुसतं बसून नवीन पोरांना शिकवा. भाईंचं दोन दिवस जाऊ की नको चाललं. रशिदाभाभीनेच निकाल लावला. "जायाचं तर जा. पन या खेपेला फोनात न्हाई. मी बी येनार." साठीतल्या बाईने पासपोर्ट काढला! फोटो काढताना हसली म्हणून तो परत काढावा लागला. शेळ्या तुकारामकडे दिल्या.

त्यांच्या निघण्याच्या सकाळी मी नेहमीसारखी गाडीतून उतरले. थांब्यावर वाडी लोटली होती. निरोप द्यायला असेल असं मला वाटलं. कसलं काय! सरूबाईच्या टोपल्या, शिलाईच्या सुना, पुढच्या वस्तीवरून चालत आलेली कॉलेजची चार पोरं, डोळ्यांना दाखवायला निघालेल्या दोन म्हाताऱ्या. सगळे आपापल्या कामाला निघालेले. भाई दोन बॅगा आणि रशिदाभाभीला घेऊन सगळ्यांच्या शेवटी उभे होते, घरातून निघायलाच उशीर झालेला. एकेक जण चढला. गाडी दारापर्यंत भरली. भाईंचा पाय पायरीवर पडेपर्यंत आत मुंगीला जागा नव्हती.

"भाई, तुमची रेल्वे चुकंल!" कंडक्टर ओरडला. "थांबा, दोघांना उतरवतो. काय रे पोरांनो—"

"खबरदार!" भाई असे ओरडले की मी दचकले. "तिकीट फाडल्याल्या मानसाला उतरवायचं न्हाई."

आतून मुक्ताचा आवाज आला, "चाचा, माझ्या जागेवर या. मी एक दिवस नाही गेले तरी—"

"तू बस गुमान! आज तुजी डुटी हाय ना वार्डात? बस!"

त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. "जाऊ द्या! जाऊ द्या!" गाडी निघाली. दारात लोंबकळणारा कंडक्टर मागे वळून बघत राहिला.

रशिदाभाभी बॅगेवर बसली आणि तिने तोंड सोडलं. "बावीस वरसं वाट बघितली, आता कुटं नवऱ्यासंगं निघाले, अन् ह्या मानसानं स्वतःची गाडी घालवली! आता काय पाठकुळी घेनार हायेस का मला इमानापतुर?" माझ्याही तोंडात शिव्या होत्या. तुकाराम वडिवळ्याचा दुधाचा टेम्पो आणायला पळाला. मी भाईंकडे वळले, चांगलं फैलावर घ्यावं म्हणून. पण ते आमच्या कुणाकडे बघतच नव्हते. धरणाच्या वळणावर गाडी एका अंगाला कलून जात होती, जड झालेली, आणि ते टाचा उंचावून तिच्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी मुलाच्या लग्नात बापाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

"बगितलं का बाई?" ते म्हणाले. "मला जागा न्हाई!"